एकसष्ट जणांचा कोट

कडेगावात मेलेल्या माणसांना कोट घालायचं काम नागसेनकडे होतं. धंदा आप्पासोंचा, नागसेन नुसता नोकर. आप्पासोंनी शहाण्णव साली आपल्या फोटो स्टुडिओत संगणक आणला आणि सांगलीत चित्रकला शिकून घरी बसलेल्या नागसेनला त्याच्यासमोर बसवलं. माणूस गेला की घरची मंडळी असेल तो फोटो घेऊन यायची. कुणाचा बनियनवरचा, कुणाचा लग्नाच्या गर्दीतला, कुणाचा डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेला. रडून डोळे सुजलेली बाई एवढंच म्हणायची, "कोट घाला त्येंना. जित्तेपणी ऱ्हायलं."

पहिला कोट नागसेनने अगदी जीव ओतून काढला होता. वडिलांचा, म्हणजे हिंदुरावांचा काळा कोट मागून आणला, तो आप्पासोंच्या अंगावर चढवून त्यांना खिडकीशी बसवलं आणि तीन दुपारी नुसता बघत बसला. संगणकावर चित्राचे थर करता येतात, काचेवर काच ठेवावी तसे. सगळ्यात खाली कोटाचा सपाट रंग. त्यावर सावलीचा थर. तो 'मल्टिप्लाय'वर टाकला की खालचा रंग पुसला न जाता नुसता गडद होतो. त्याच्यावर उजेडाचा थर; तो 'स्क्रीन'वर टाकला की खांदा आणि कॉलर झळकू लागते. डाव्या खांद्याखालची तिरकी चुणी आणि वरच्या खिशाचा मुडपलेला कोपरासुद्धा त्याने सोडला नाही. कोट असा उतरला की आप्पासोंनी पडद्यावर बोट फिरवून पाहिलं आणि निकाल दिला, "झालं. आता दुसरा काढायचा न्हाई."

"आवं, पर परत्येकाला येगळा नगो का?"

"मेलेलं माणूस कोट बदलतंय व्हय रं? खालचा रंग तेवढा बदल. काळा, चॉकलेटी, निळा. वरची सावली-उजेड तशीच ऱ्हाऊंदे."

दीड वर्षात एकसष्ट माणसं त्या एका कोटातून भिंतीवर गेली. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून, कोटावर डावीकडून. कुणी तक्रार केली नाही; ज्याच्या घरचं माणूस गेलं तो उजेड कुठून येतो ते कशाला बघेल? नागसेनला मात्र ते रोज दिसायचं आणि रोज वाईट वाटायचं. आपल्या हातून एकदा एक चांगली गोष्ट झाली आणि तिचा शिक्का झाला, हे दुःख त्याला कुणाजवळ सांगताही येत नव्हतं.

दुसरं दुःख सांगायची गरजच नव्हती, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. एकतिसावं सरलं तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. पोरगा काय करतो, याचं खरं उत्तर ऐकून सात स्थळं चहा अर्धा टाकून उठली होती. आठवं स्थळ औंधचं. दीक्षा बालवाडीवर शिकवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काम शांततेचं हाय की. माझ्याकडं चाळीस पोरं रडत्यात." एवढ्यावर ठरलं. आता तिच्या आईने येऊन घर बघायचं तेवढं राहिलं होतं. हेही हुकलं तर पुढे कुणी विचारणार नाही, हे बापलेक दोघेही मनातून जाणून होते.

त्या रविवारी हिंदुरावांनी ट्रंक उघडली. जन्मभर पोस्टमनच्या खाकीत वावरलेल्या या माणसाने निवृत्त झाल्यावर सांगलीत एक काळा कोट शिवून घेतला होता, पोराच्या लग्नात घालायला. लग्नाचा पत्ता नव्हता, त्यामुळे सात वर्षं कोट डांबरगोळ्यांत पडून होता.

"आज न्हाई तर कवा घालू?" म्हणत त्यांनी तो चढवला आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले. शेजारी वडीलधारं माणूस हवं म्हणून पोस्टातले जुने जोडीदार नानासो येऊन बसले होते.

दीक्षाची आई पारूबाई आणि मामा दादासो आले. पाणी दिलं. पारूबाईंनी तांब्या उचलला, समोर पाहिलं आणि तांब्या तोंडाशी तसाच थांबला.

"ह्यो कोट कुणाचा?"

"माझाच की," हिंदुराव खूश होऊन म्हणाले.

"तुमचा कसा आसंल? ही चुणी बघा. ह्यो खिशाचा मुडपलेला कोपरा बघा." पारूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "ह्यो आमच्या मालकांचा कोट हाय! फोटूत हाय त्येंच्या अंगावर. मालक गेल्यापास्नं वरीसभर हुडकतीया मी. जावंनं नेला म्हणून तिच्याशी बोलणं टाकलंय."

दादासो मामा एकाएकी छताची कौलं मोजू लागले. नागसेन चहाचं ताट घेऊन दारातच थांबला. त्याला तो चेहरा आठवला. विसावा. उजेड उजवीकडून. फोटो घेऊन आलेले हे मामाच, आणि बहिणीने कोट कुठला विचारल्यावर, "मुंबईला मिलमदी असताना काढल्याला फोटू," असं ठोकून देणारेही हेच असणार. रडणाऱ्या बाईला खरं सांगायचं यांच्या जिवावर आलं असेल.

"बाई, ह्यो मी सांगलीत शिवलाय," हिंदुराव उठून उभे राहिले. "हे नानासो हुतं संगं. म्या कुणाचा चोरलाय व्हय?"

नानासो साक्ष द्यायला पुढे सरकले, कोटाकडे नीट पाहिलं आणि बुचकळ्यात पडले. "हिंदुराव, शिवला हे खरं. पर ही चुणी आमच्या थोरल्या भावाच्याबी फोटूत हाय बघ. त्यो तर जल्मभर बंडीवर हुता."

"म्हंजे तुमचाबी गेला चोरीला?" पारूबाई म्हणाल्या.

पुढे काय होणार ते नागसेनला स्पष्ट दिसलं. त्याने वडिलांचा हात धरून त्यांना आत चुलीपाशी नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

हिंदुराव पिठाच्या डब्यावर बसले. "किती जणांना घातलास?"

"एकसष्ट."

"आन् मी सात वरीस डांबरगोळ्या बदलतोय." त्यांनी अंगातल्या कोटाकडे पाहिलं. "जा, सांग जा बाईला."

"कसं सांगू, आण्णा? तिच्या नवऱ्याच्या अंगावरचा कोट तिच्याच देखत उतरवायचा? न्हाई सांगितलं तर तुमी चोर. लगीन तर दोन्हीकडनं मोडतंयच."

हिंदुरावांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं. एकतीस वर्षांचा पोरगा, पण तोंड परीक्षेत नापास झाल्यागत झालं होतं. ते उठले. चाळीस वर्षांत एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात न टाकलेला तो माणूस बाहेर आला, कोट काढला, नीट घडी घातली आणि पारूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"बाई, चुकलं माझं. म्या सांगलीच्या जुन्या बाजारात घेतला हुता, लाजंनं शिवला म्हणालो. तुमच्या मालकांचाच आसंल. न्या."

"आरं, पर मी तुझ्यासंगं शिंप्याकडं..."

"नानासो, च्या घे."

पारूबाईंनी कोट छातीशी धरला आणि घर न बघताच त्या उठल्या. शर्टातले हिंदुराव एकदम लहान दिसायला लागले होते. पाहुणे गेले, आणि बापलेक त्या दिवशी जेवले नाहीत.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. लग्न पक्कं, तारीख तुम्हीच कळवा. हिंदुरावांनी कार्ड तीनदा वाचलं आणि सवयीने उलटं करून शिक्का तपासला.

लग्न औंधच्या विहारात लागायचं होतं. सकाळी पारूबाई पिशवी घेऊन आल्या. आत इस्त्री केलेला कोट.

"घाला, इवाई. तुमचाच हाय."

हिंदुराव बघतच राहिले.

"घरी जाऊन त्येंच्या सदऱ्यावर ठिवला," पारूबाई खाली बघत म्हणाल्या. "मालकांचं हात लय लांब. ह्यो त्येंच्या मनगटापत्तुर आला नसता. मंग दादासोला धरलं, त्येनं समदं सांगितलं."

"मंग जावंला सांगितलं का?"

"कोट सापडला म्हणून सांगितलं. ट्रंकंतच हुता, म्हणलं. लय रडली. आता घरी जेवायला येती." त्यांनी पदराने डोळे पुसले. "फोटू हाय तसा ऱ्हाऊंदे भिंतीवर. शोभतुय त्येंना."

हिंदुरावांनी कोट घातला. आप्पासोंनी स्वतः फ्लॅश मारून फोटो काढला. पण फ्लॅश अगदी समोरून पडला आणि इस्त्रीने चुणी गेली होती. फोटोत कोट डांबर फासलेल्या पत्र्यासारखा दिसत होता. आप्पासोंनी मान हलवली, "खोटा वाटतोय रं." दीक्षाने सासऱ्यांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण तिलाही पटेना. पारूबाई तर साफ म्हणाल्या, "ह्यो इवाईंचा कोट न्हवं."

"आरं, अंगात हुता माझ्या!" हिंदुराव कळवळून म्हणाले.

नागसेन स्टुडिओत गेला, जुनी फाईल उघडली, सावलीचा थर उचलून खऱ्या कोटावर ठेवला, त्यावर उजेडाचा. तिरकी चुणी उठली, खिशाचा कोपरा मुडपला. सांगलीहून फोटो मोठा करून आला तेव्हा हिंदुराव त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"आता माझा वाटतोय," ते म्हणाले. त्यांनी स्वतः खिळा ठोकून तो बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर लावला आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून चहा प्यायला बसले.

गावाला गेलेले नानासो दुपारी आले. दारातूनच त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी चपला काढल्या, टोपी काढली आणि आत येऊन दीक्षाला हलक्या आवाजात विचारलं, "कवा गेलं गं आण्णा?"

"आजून टेम हाय," हिंदुराव खालून म्हणाले. "बस, च्या घे."