मल्लप्पा आणि परकं पाणी

मल्लप्पांच्या घरात बाहेरगावचं पाणी नेता येत नसे. बार्शीहून एसटीनं पाहुणा आला, की ते त्याचा फिरकीचा तांब्या दारातच काढून घेत, तापल्या फरशीवर उपडा करत आणि शेवटचा थेंब उडेपर्यंत पाहत उभे राहत. "परकं पाणी भाईरच बरं," म्हणत. मग स्वतःच्या माठातलं गार पाणी त्याला भरून देत.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर ते आमच्या शेजारी राहायला आले. नळाच्या धारेसाठी भांडणाऱ्या आमच्या सोलापुरात हा माणूस वीस वर्षं मालवाहू जहाजावर पंप चालवून आला होता!

दुपारी शेजारचे माग खडखडत आणि लिंबाखाली बाजेवर पडून मल्लप्पा समुद्र सांगत. रिकामं जहाज फार डुलतं, म्हणून बंदरातलं पाणी त्याच्या पोटात भरून घेतात आणि दुसऱ्या मुलखात ओतून देतात. "त्या पान्यात बारकी जनावरं असत्यात की, मास्तर. डोळ्याला दिसत न्हाईत. तितं जाऊन संसार मांडत्यात." खोल समुद्रातच पाणी बदला, असं ते दर फेरीला साहेबाच्या कानीकपाळी ओरडत. शेवटच्या वर्षी साहेबानं कंटाळून त्यांना पंपावरून काढलं आणि कोठारात बसवलं. ऐकता ऐकता माझा डोळा लागे, आणि आमची गल्लीच संथ डुलत कुठंतरी निघाली आहे असं वाटे.

एकदा त्यांच्या अक्का काशीहून आल्या. आईमागं या थोरल्या बहिणीनंच त्यांना वाढवलं होतं. गंगेचं थोडं पाणी भावाच्या गल्लीतल्या आडात सोडायचा त्यांचा नवस होता. मल्लप्पा आडाच्या कठड्यावर ठाण मांडून बसले.

"उकळून आन अक्का, मग सोड."

"गंगा उकळू? च्या हाय व्हय रं त्यो?"

सगळी गल्ली हसली. अक्का हसल्या नाहीत. गडू पदराखाली घेऊन त्या अक्कलकोटला आपल्या घरी निघून गेल्या, त्या भाऊबीजेलाही आल्या नाहीत. त्या दिवशी मल्लप्पा नवं धोतर नेसून दुपारपर्यंत ओट्यावर बसून होते. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला.

"एवढ्याशा गडूनं काय होणार होतं?" मी म्हणालो. "बहिणीपेक्षा आड मोठा का?"

ते धोतराचा सोगा सारखा करू लागले.

"एका बंदरात म्हातारी हुती, मास्तर. खडकावरची कालवं काडून इकायची. मला बी द्यायची. आमच्यात मास-मच्छी चालत न्हाय म्हनून मी हात जोडायचो, ती हसायची. तितं दर खेपंला जहाजातलं पानी मीच सोडलं. पाच-सा वर्सांनी बगतो, तर सगळा खडक दुसऱ्याच शिंपल्यांनी भरल्याला. तिच्या टोपलीत चारच कालवं. त्यातली दोन तिनं मला दिली. ह्ये कुनी केलं, तिला म्हाईत न्हवतं."

"मग?"

"दोनी खाल्ली," डोळे पुसत ते म्हणाले. "अक्काला तेवडं सांगू नका."