लॅपटॉप आणि तिसरा आग्रह

आर्डिस टोलेफ्सनच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, तेव्हापासून त्याचा पडदा रुबार्बच्या मुरंब्याच्या बरणीला टेकून उभा असे. बरणी जरा सरकली की पडदा उताणा पडे, आणि तिकडे अ‍ॅरिझोनात बसलेल्या तिच्या मुलीला, कार्लाला, आईवडिलांऐवजी स्वयंपाकघराचं छत दिसे. हल्ली लॅपटॉप बोलता बोलता मानही टाकी, म्हणजे बंदच पडे. आता कार्लाला बाळ झालं होतं, आणि येत्या रविवारी, चर्च आटोपल्यावर, ती ते पहिल्यांदा दाखवणार होती.

आर्डिसचं म्हणणं, नवा घ्यावा. तिचा नवरा व्हर्लिन म्हणे, दुरुस्त करावा. तो ज्या खुर्चीत बसून हे म्हणे, तिचा एक पाय मुळात फावड्याचा दांडा होता.

"चालतोय की अजून."

"चालतोय, पण झोपून."

शेवटी नातीसाठी व्हर्लिन नमला. सोमवारी दोघं तासभर गाडी हाकत शहरातल्या दुकानात गेली.

आमच्या मिनेसोटाच्या या कोपऱ्यात एक जुनी रीत आहे. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा मात्र, "बरं, आग्रहच आहे तर," म्हणून घ्यायचं. आर्डिसच्या आजीकडे एकदा हिमवादळातून डॉक्टर आले होते. मिशांना बर्फ लटकत होता, तरी दारात उभं राहून त्यांनी कॉफीला दोनदा नको म्हटलं होतं. तेव्हाची माणसंच तशी.

दुकानातली बाई नुकतीच कॅलिफोर्नियाहून आलेली. तिने दाखवलेला लॅपटॉप आर्डिसच्या बघताक्षणी मनात भरला.

"देऊ का मग हाच?"

"छे, राहू दे. तुम्हाला उगाच त्रास."

"बरं," म्हणून बाईने तो जागच्या जागी ठेवला आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. दोघं तिथेच घुटमळत राहिली. आर्डिस खाकरली. व्हर्लिन थंडीबद्दल काहीतरी मोठ्याने बोलला. बाई लांबून गोड हसली, पण पुन्हा विचारायला काही आली नाही.

"एकदाच विचारलं," परतीच्या वाटेवर आर्डिस म्हणाली. "कुत्र्यालाही माणूस दोनदा विचारतो."

"लांबून आलीय बिचारी," व्हर्लिन म्हणाला. तो जरा जास्तच खुशीत होता.

बुधवारी त्याने लॅपटॉप ऑर्व्हिल हाउगेनच्या शेडवर नेला. आर्डिसही सोबत गेली. ट्रॅक्टरपासून शिलाई मशिनपर्यंत गावातलं सगळं मोडकं ऑर्व्हिलकडेच येतं. त्याने चष्मा चढवला, पडदा वरखाली करून पाहिला, स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "मला कुठलं जमायला हे."

व्हर्लिन दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडतो तोच आर्डिसने लॅपटॉप काखेत मारला.

"नाही जमत तर नाही जमत, ऑर्व्हिल. एकदाच विचारायचं, असं शहरात शिकून आलेय मी."

ऑर्व्हिलचा स्क्रू-ड्रायव्हर हवेतच राहिला. "बरं," तो म्हणाला. आमच्या गावात याहून मोठं भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही.

रविवारी प्रार्थनेनंतरची चर्चच्या तळघरातली कॉफी सोडून दोघं घरी धावली. बरणी लावली. पडद्यावर कार्ला आली, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. नीट बघायला आर्डिस पुढे वाकली, टेबलाला धक्का लागला, बरणी घरंगळली आणि पडदा उताणा.

"आई," कार्लाचा आवाज आला, "तुमचं छत मला पाठ झालंय. नवा पाठवू का?"

"नको गं. बाळाच्या धावपळीत आणखी ते कुठे."

"खरंच, पाठवू ना?"

"राहू दे," आर्डिस म्हणाली, जरा हळू आवाजात.

कार्ला शेवटी इथलीच लेक. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि लॅपटॉपने मान टाकली.

काळ्या पडद्यासमोर आर्डिस तशीच बसून राहिली. बाळाचं नाकसुद्धा धड दिसलं नव्हतं. मग तिने उठून भिंतीवरच्या फोनवरून कार्लाला फोन लावला आणि कार्लाने काही विचारायच्या आत ती म्हणाली, "हो."

"आई, बरी आहेस ना?"

"हो म्हटलं मी. पाठव."

"अगं, मी मंगळवारीच पाठवलाय. आत्ताचं विचारणं नुसतं रीतीपुरतं. शुक्रवारीच पोचला असेल की. त्यावरच दाखवते बाळाला, संध्याकाळी उठलं की."

आर्डिसने फोन ठेवला आणि व्हर्लिनकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर टांगलेली पक्ष्यांच्या दाण्याची ताटली निरखत होता. ताटलीवर पक्षी एकही नव्हता.

"शुक्रवारी दारात कुणी आलं होतं?"

"आला होता एक. खोकं होतं हातात."

"मग?"

"मी म्हटलं, अहो कशाला उगाच, राहू दे."

"आणि?"

"दुसऱ्यांदा विचारेल म्हणून थांबलो. तर त्याने गाडीच चालू केली."

त्याचा चेहरा इतका साळसूद होता की एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही आर्डिसला त्यातलं खरं किती, ते कळेना. तिने कोट चढवला, लॅपटॉप काखेत मारला आणि मुरंब्याची बरणीही उचलली.

"कुठे निघालीस?"

"ऑर्व्हिलकडे," ती म्हणाली. "त्याला अजून दोनदा विचारायचं राहिलंय."