कोल्ह्याकडचं जेवण

किसन पेंटर तळ्याकाठी एका पायावर उभे दिसले, की आम्ही ओळखायचं, मामांचं करकोच्याचं चित्र चालू आहे. कासवाच्या वेळी ते इतके सावकाश चालायचे, की चहाला हाक मारली तर ते पोचेस्तोवर चहा निवायचा. गाढवाच्या वेळी तर परटाच्या गाढवासमोर उकिडवे बसलेले. मी काही विचारायला गेलो, तर बोटानंच गप्प केलं. "ते इचार करून राहिलं, गुरुजी. मधी बोलू नका."

नव्वदच्या दशकात शिरड शहापूरजवळच्या एका वाडीवर मी मास्तर होतो. किसनमामा आसपासच्या शाळांच्या भिंतींवर जुन्या गोष्टींची चित्रं काढत. कुणी घाई केली, की त्यांचं एकच उत्तर, "नजर बसू द्या." नजर बसायला कधी पंधरवडा लागे. पण मग भिंतीवर असा कावळा उतरायचा, की पोरं आपले डबे झाकून बसत.

एकदा हेडमास्तरांनी कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट काढायला सांगितली. कोल्हा करकोच्याला जेवायला बोलावतो आणि पसरट ताटलीत खीर वाढतो. लांब चोचीला काही लागत नाही. मग करकोचा त्याला सुरईत खीर वाढून वचपा काढतो. मामांच्या चित्रात मात्र कोल्ह्यापुढं ताटली, करकोच्यापुढं सुरई आणि दोघंही मजेत जेवताहेत. कोल्हा तर चक्क आग्रह करत होता.

हेडमास्तर खवळले. "अहो, मग गोष्ट राहिलीच काय?"

"जेवाया बलवायचं अन् उपाशी धाडायचं, हे लेकरायला रोज काहून दाखवायचं?" एवढं बोलून मामा ब्रश धुवून निघून गेले.

"चित्र बदला, नाहीतर उद्या भिंतीला चुना मारतो," हा निरोप देऊन हेडमास्तरांनी मला मामांच्या घरी पिटाळलं.

बुद्धविहारामागं मामांची एक खोली. मामी वारून बरीच वर्षं झालेली, लेक नाशिककडं दिलेली. भरदुपारी मामा भाकरी थापत होते. चुलीशेजारी दोन ताटल्या, त्यातली एक पालथी.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोणी आलं तर."

"येतं का कोणी?"

"येतेत की. काम घेऊन समदेच येतेत. दारातूनच म्हनतेत, जेवून आलो." मामा हसले. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

जेवून तर मीही आलो होतो, चांगलं पोटभर. पण चपला काढल्या आणि हात धुवायला पाणी मागितलं. मामांनी ती पालथी ताटली उचलली. स्वच्छच होती, तरी दोनदा विसळली. भाकरी, वरण, ठेचा. चुन्याचा विषय मी काढलाच नाही. हेडमास्तरांना पुढं कितीतरी दिवस सांगत राहिलो, की रंग अजून ओला आहे, ओल्या रंगावर चुना धरत नाही. शेवटी त्यांची बदली झाली आणि चित्र राहिलं.

त्या दुपारी मी दुसरी भाकरी मोडली, तरी मामांची ताटली तशीच. गुडघ्यांना हातांची मिठी घालून ते माझ्याकडं एकटक बघत बसले होते, त्या गाढवाकडं बघायचे तसेच.

"मामा, तुम्ही पण जेवा की."

"जेवतो, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "नजर बसू द्या."