डोळ्याचं सुतक

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या डोळ्याने सुतक धरलं, आणि तसं कळवायला तिथल्या डॉक्टर शर्मिष्ठा पाटणकर आमच्या घरी आल्या.

डोळा आमच्या वैजूचा. वैजू वारली तेव्हा जावयांनी तिचे डोळे दान केले. दोघांना दृष्टी आली, आणि कडेच्या उरलेल्या पेशी प्रयोगशाळेने वाटीत वाढवल्या. त्यांचा हा डोळा झाला. त्याला जिलेटिनची पापणी आहे, ती मोटरवर उघडते-मिटते. बाजूच्या नळीतून आसवांसारखं पाणी येतं. कोरड्या डोळ्यांच्या आजारावरची औषधं त्याच्यावर करून बघतात, म्हणून पंखा लावून त्याला मुद्दाम कोरडं ठेवायचं. मग पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघायचं. वरचा पाण्याचा पापुद्रा हिरवा चमकतो, आणि फाटेल तिथे काळे ठिपके दिसतात. लवकर फाटला तर डोळा कामाचा.

हे मला पाटणकरबाईंनी पूर्वीच समजावलं होतं, कारण तो आजार मलाही आहे. वैजू गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, नुसती वाळू टोचत राहिली. आता हे गेले तेव्हाही तेच. आलेल्या बायका काय कुजबुजल्या ते मी मनाला लावून घेतलं नाही. देवाला ठाऊक आहे.

सुतकाच्या घरी चहा विचारत नाहीत, म्हणून पाटणकरबाई सतरंजीच्या कडेला तशाच बसल्या.

"नळी बंद केलीय, तरी पाणी येतंय," त्या म्हणाल्या. "पंखा वाढवला, पण पापुद्रा काही फाटत नाही. आणि औषधाचा थेंब जवळ नेला की पापणी घट्ट मिटते. साधं पाणी मात्र घेतो."

"औषध कशाचं आहे?"

"एरंडेलाचं. तेलकट असतं."

"मग बरोबर आहे. सुतकात तेल लावत नाहीत."

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या संचालकांचंही तेच मत पडलं होतं. डोळ्याला बातमी कशी लागली हे मी विचारलं नाही. फोनवर बाबांचं नुसतं खोकणं ऐकून वैजू पुढची गाडी पकडायची.

"रजा द्यायची आहेच," पाटणकरबाई म्हणाल्या. "फक्त मुदत ठरवायचीय. वडील वारले की लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस, असं संचालकांनी धरलंय. चौथ्या दिवशी पंखा लावू."

"कुणाचं लग्न झालंय?" कोपऱ्यातून वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, कुठल्याही खोलीत त्यांना कोपराच आवडतो.

"मुलीचं. वैजयंतीचं."

"लग्न वैजूचं झालं. हा तुमच्या वाटीत वाढला. ह्याच्यावर कुणी अक्षता टाकल्या? तुम्ही?"

"नाही, मी नाही टाकल्या," पाटणकरबाई गंभीरपणे म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काकू, आई म्हणून तुम्ही सांगाल ते धरू. अविवाहित म्हणाल तर दहा दिवस. पण मग गोत्र माहेरचं लागेल."

मी नेमधर्म पाळणारी बाई. एकादशीला चुकून साबुदाण्याला मोहरीची फोडणी गेली तर दुसऱ्या दिवशीही उपास करणारी. वैजू माप ओलांडून गेली ती गेली, हे मला कळत होतं. पण लेकीच्या नावापुढे पुन्हा आमचं गोत्र लागणार होतं.

"कौशिक," मी म्हटलं. "दहा धरा."

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं. नातेवाईक आपापल्या घरी गेले, वन्सं तेवढ्या राहिल्या. सकाळी पाटणकरबाईंचा फोन आला.

"काकू, रजा संपली तरी डोळा तेल घेत नाही. पाणी चालूच आहे. आणि जो डोळा कोरडा होत नाही, तो आमच्याकडे ठेवता येत नाही. संचालकांनी आज संध्याकाळपर्यंत बघायला सांगितलंय."

"आणि मग?"

"मग वाटी धुऊन ठेवतात."

मी वन्संना सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "त्या बाईला विचार, दुखवटा काढला का?"

विचारलं. कुणीच काढला नव्हता. त्यांनी दहा दिवस मोजले आणि पंखा लावला.

"असा कसा तेल घेईल? माणूस आपणहून उठतं का दुखवट्यातून?" मी म्हटलं. "आम्ही येतो. मुलीचा दुखवटा माहेरच्यांनी काढायचा असतो."

"पण काकू, आपण अविवाहित धरलंय."

"ते रजेपुरतं."

वन्संनी वाटीभर शिरा केला. मी वैजूच्या साखरपुड्यातला शिवायचा राहिलेला खण काढला आणि त्याचा रुमालाएवढा तुकडा कापला. प्रयोगशाळेच्या दारात आम्हाला हात धुवायला लावले, टोप्या घातल्या. खणही वाफेतून काढून दिला. "आमच्या सासूबाईंच्या सोवळ्यात इतकं नव्हतं," वन्सं म्हणाल्या.

डोळा मी पहिल्यांदाच बघत होते. वाटलं होतं, तिचा घारा रंग दिसेल. पण तो काचेसारखा आरपार होता. रंग मागच्या पडद्याला असतो म्हणे, तो तिच्याबरोबर गेला. पापणी मिटलेली होती आणि कडेने पाणी झिरपत होतं, थेट तिच्यासारखं, आवाज न करता.

वाटीखाली खण घातला. समोर शिऱ्याची शितभर चिमूट ठेवली.

"वैजू," मी म्हटलं, "पुरे आता. बाबा नीट गेले. शेवटी चमचाभर साखरेचं दूध मागितलं, ते मी दिलं. त्रास झाला नाही."

पापणी हलली नाही.

"जरा मोठ्याने सांगता का?" पाटणकरबाईंनी हळूच विचारलं.

"तिला ऐकू येतंय," वन्सं म्हणाल्या.

तेव्हा मला उमगलं. मी वाकले. "माझ्या वाटचंही तूच रडते आहेस का गं? नको. माझं मी बघेन. तू कोरडी राहिलीस तर ह्या बाईंचं औषध तयार होईल, आणि मग मलाही येईल रडू. तोवर थांबेन मी."

पाणी थांबलं. पापणी सावकाश उघडली. पाटणकरबाईंनी तेलाची नळी माझ्या हातात दिली. वैजू पाळण्यात असताना टाळूला घालायचे तसा मी एक थेंब घातला. तिने तो घेतला.

मग पिवळा थेंब, निळा उजेड. सगळा डोळा हिरवा झाला, श्रावणातल्या तळ्यासारखा. पाहता पाहता मध्ये एक काळा ठिपका पडला, त्याच्या शेजारी दुसरा.

"फाटला!" पाटणकरबाई आनंदाने म्हणाल्या, आणि ओशाळून त्यांनी तोंडावर हात धरला.

"असू दे," मी म्हटलं. "कामाला लागली."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. थोडं घुटमळून म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. संचालकांनी आगाऊ विचारून ठेवायला सांगितलंय. तुमच्या वेळी किती दिवस धरायचे?"

"दहाच," मी म्हटलं. "पण दुखवटा काढायला घरचं कुणीतरी लागेल."

"मी येईन," वन्सं म्हणाल्या. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या आहेत.

पाटणकरबाईंनी तसं लिहून घेतलं. आत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. सुतक फिटलं होतं आणि सोमवार होता, म्हणून वाटेत उपासाची केळी घेऊन आम्ही घरी आलो.