माणिकअण्णांची बहामनी न्हाणी

माणिकअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करतात. उंबऱ्याशी चपला काढायच्या, बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायचं, कान लावायचा आणि मग घरातल्या माणसाकडं वळून विचारायचं, "घर कवाचं?" गल्लीतले एक गृहस्थ दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. अण्णा त्यांना बघायला गेले. टकटक केली, घराचं वय विचारलं, वरच्या तुळईबद्दल बराच वेळ बोलले आणि निघताना दारातून मागं वळून म्हणाले, "आन् तुमचं कसं हाय आता?"

बाबांची बदली झाली म्हणून आम्ही बीदर सोडून हुलसूरला आलो. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. नव्या माणसांत बोलायची वेळ आली की मी आतल्या खोलीत जाते. सामान उतरवत होतो तेव्हाच अण्णा आमची भिंत वाजवायला आले. "पोकळ हाय," ते म्हणाले. दारामागं उभी असलेली मी उगीचच ओशाळले.

त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. वर मातीचं माळवद, खाली शहाबादी फरशी, दोन खोल्या आणि बोळाच्या बाजूला अंघोळीची न्हाणी. बायको मालनकाकू आम्ही यायच्या आधीच वारलेल्या. अण्णा एकटेच राहायचे, स्वतः भाकरी थापायचे आणि तिचा आकार बिघडला की तव्यालाच रागवायचे.

एका सकाळी दोन माणसं आली आणि बोळातल्या भिंतींवर लाल रंगाच्या खुणा करून गेली. बोळ रुंद होऊन तिथून मोठा रस्ता जाणार होता. कुणाचा ओटा जाणार, कुणाची पायरी. अण्णांची खूण न्हाणीच्या बरोबर मधून गेली होती.

"एक न्हाणीच जायलीय की अण्णा," हॉटेलात लोक म्हणाले. "पैसे बी मिळायलेत. मागं अंगण पडलंय, नवी बांधा. फरशा लावा, शॉवर लावा."

"शॉवर तुझ्या बापाला लाव," अण्णा म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

जुन्या काळातल्या बांधकामाला सरकार हात लावत नाही, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्या दिवसापासून न्हाणी जुनी होऊ लागली.

आधी ती कल्याणीच्या चालुक्यांची होती. न्हाणीच्या दगडावर कोरलेल्या दोन आडव्या रेघा आणि एक गोल म्हणजे हळेकन्नड, जुन्या कन्नडातला लेख आहे, असं अण्णांचं म्हणणं. कागद ठेवून त्यावर कोळसा घासून त्यांनी त्याचा ठसा घेतला आणि मला सोबत घेऊन बसनं बीदरला एका निवृत्त प्राध्यापकांकडं गेले. प्राध्यापकांनी चष्मा पुसून ठसा पाहिला. ही खाणीतल्या कामगाराची खूण आहे, म्हणाले. परतीच्या बसमध्ये भालकीपर्यंत अण्णा ठसा उलटसुलट करून बघत होते. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले, "मंग बहामनी असंल. ह्येच्या खाली मी येणार न्हाई."

सरकारला द्यायचा अर्ज इंग्रजीतून लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायची आणि ते येरझाऱ्या घालत सांगायचे.

"लिही. सदर न्हाणीत सुलतानाच्या बेगमा अंघोळ करीत."

"अण्णा, इतक्या छोट्या जागेत?"

"येकेक करून यायच्या."

मी ते वाक्य लिहिलं नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मी काय लिहिलं हे त्यांनी विचारलंही नाही. मात्र दगडांच्या सांध्यांत मला सिमेंट दिसलं होतं. बोलू की नको करत मी शेवटी विचारलं, "त्या काळी सिमेंट होतं का?"

"राजाकडं काय नव्हतं पोरी?" ते म्हणाले, पण माझ्याकडं न बघता.

त्यांची आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. एकदा आमचा नळ बंद पडला, म्हणून आई त्यांच्याकडं कपडे भिजवायला गेली. तिनं कढत पाण्याची बादली न्हाणीत कलंडवली मात्र, अण्णा चुलीपासून ओरडत आले, "गार! आधी गार वता!" आणि तिच्या हातातली बादली ओढून त्यांनी दगडावर तांब्या तांब्या थंड पाणी ओतलं. आई रडवेली झाली. मग तेच ओशाळून म्हणाले, "जुना दगड हाय वैनी. तडकतो."

अर्ज गेला आणि बऱ्याच दिवसांनी खरोखर रस्त्याचे इंजिनिअर आले. तरुण होते, कलबुर्गीकडचे, कन्नड वळणाचं मराठी बोलणारे. बघायला निम्मी गल्ली जमली. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांनी भिंत वाजवून दाखवली, बेगमा सांगितल्या, पाण्याची वाट कशी शाही आहे ते सांगितलं. इंजिनिअर खाली बसले. खिशातल्या किल्लीनं त्यांनी सांधा खरवडला आणि बोटावरची करडी पूड सगळ्यांना दाखवली.

"अण्णा, सुलतान सिमेंट कुठल्या दुकानातनं आणला?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. अण्णांच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं आणि हसू तिथंच थांबलं.

इंजिनिअर उठले. चेष्टा जास्त झाली असं त्यांनाही वाटलं असावं. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खरं सांगा अण्णा. न्हाणी कवाची?"

आजवर गावभर त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. अण्णांनी भिंतीवर हात ठेवला. या वेळी वाजवली नाही.

"घर माझ्या बापाचं," ते म्हणाले. "न्हाणी म्या बांधली. ह्या हातानं. आमच्या घरातली सगळ्यात नवी जागा हीच हाय सायब." मग खालच्या दगडाकडं बघत म्हणाले, "मालनला माहेरी कुणी नव्हतं. पहिलं बाळंतपण हितंच करायचं ठरलं. तवा न्हाणी नव्हती, समदे अंगणात अंघोळ करायचे. बाळंतिणीला आडोसा पायजे म्हणून बांधली. पोरगी झाली. तिची नाळ ह्या दगडाखाली पुरलीया."

"आता कुठं असते मुलगी?"

"रांगाया लागली व्हती," अण्णा म्हणाले. "तवाच गेली. तेवढीच ऱ्हायली. मंग दुसरं झालंच न्हाई. मालन रोज आधी गार पाणी वतायची. म्हणायची, पोरीच्या अंगावर कढत कशाला?"

अण्णांना मूल झालं होतं हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं.

इंजिनिअरनी पूड लागलेलं बोट रुमालाला पुसलं. "लाईन माझ्या हातात नाही अण्णा," ते म्हणाले. "पण तुम्ही तो दगड काढल्याबिगर इथं मशीन येणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

दगड अण्णांनी एकट्यानं काढला. खालची माती त्यांनी मालनकाकूंच्या पितळी घागरीत भरली आणि वर ओलं फडकं झाकलं. मागच्या अंगणात नवी न्हाणी बांधायला घेतली. मी रोज जाऊन विटा देत होते. आम्ही फारसं बोलत नव्हतो. मला तसं आवडतं आणि त्यांनाही तेव्हा तेच हवं होतं. नव्या न्हाणीतल्या खड्ड्यात घागर रिकामी करताना मात्र ते मातीशी काहीतरी बोलले. मी आमच्या घराकडं तोंड करून उभी राहिले.

त्यावर तोच जुना दगड बसला, रेघा आणि गोल वर करून. सांधे वाळले त्या सकाळी त्यांनी बंब पेटवला आणि मला भिंतीवरून हाक मारली.

"ये पोरी. पहिलं पाणी तू घाल. पोरीबाळीच्या हातचं पायजे."

एका बादलीत कढत पाणी वाफाळत होतं, दुसरीत गार. अण्णा बाजूला उभे राहिले.

मी तांब्या गार पाण्यात बुडवला.