तिसऱ्या पट्टीवरही दोन रेघा

बेसिनच्या कडेला कोविड तपासणीच्या तीन पट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि तिन्हींवर दोन-दोन रेघा होत्या. जहाज उद्या दुपारी चारला सुटणार होतं.

वास्तविक तपासायला त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. सकाळी घसा जरा खवखवला, एवढंच. दुसरा एखादा शहाणा माणूस गरम पाण्याच्या गुळण्या करून गप्प बसला असता. पण हा गृहस्थ एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होता. एकदा उघडलं तर योगायोग, दोनदा उघडलं तर नशीब, तिसऱ्यांदा उघडलं तरच कुलूप, अशी तिथली पद्धत. पहिली पट्टी पाहून त्याने दुसरी काढली, दुसरी पाहून तिसरी. तिसरीवरची रेघ तर सगळ्यांत ठसठशीत उमटली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो हे उद्योग करायला?" बायको दाराबाहेरून म्हणाली.

"अगं, घसा..."

"घसा दर हिवाळ्यात खवखवतो तुमचा. तेव्हा कधी पट्ट्या नाही काढल्या!"

तिचा संताप नुसता आजचा नव्हता. जहाजाची सहल तिने लग्नाच्या दहाव्या वर्षी पहिल्यांदा ठरवली, तेव्हा कारखान्यात मोठी ऑर्डर आली. दुसऱ्यांदा ठरवली, तेव्हा संप झाला. तिसऱ्यांदा तर बॅगा दारात असताना साहेबांचा फोन आला, की आठशे कुलपं एकाच किल्लीने उघडतायत, आणि हा त्या बॅगा ओलांडून निघून गेला. आता निवृत्तीनंतर कसलीच अडचण उरली नव्हती, तर ती त्याने स्वतःच्या नाकातून शोधून काढली.

तो झोपायच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि जहाज कंपनीने फोनवर पाठवलेला फॉर्म उघडला. संध्याकाळी पाचच्या आत भरायचा होता. गेल्या पाच दिवसांत आपली तपासणी पॉझिटिव्ह आली आहे का? हो किंवा नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की 'हो' असेल तर घरातल्या कुणालाच जहाजावर घेतलं जाणार नाही.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. ताईने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"दाजी, 'नाही'वर बोट ठेवा आणि मोकळे व्हा. कोण बघायला येतंय?"

"अरे, दोन हजार माणसं असतात जहाजावर."

"मग त्यात तुमचं एकट्याचं काय एवढं?"

"म्हणूनच तर!"

मेव्हण्याने एक लांब सुस्कारा सोडून फोन ठेवला.

दुपारभर शेजारच्या खोलीतून हँगरचा आवाज येत राहिला. बायको बॅग रिकामी करत होती. तिने भांडी आपटली असती, चार टोमणे मारले असते, तर त्याने निमूट ऐकून घेतले असते. पण ती अवाक्षर बोलत नव्हती, आणि ते त्याला सोसवेना. आपण हिच्या जन्माचं वाटोळं केलं, असं त्याला अगदी आतून वाटलं. सहलीचे सातही दिवस आपण जहाजावरच्या खोलीत दार लावून पडून राहू, पण हिला समुद्र दिसू दे. पाचला दहा कमी असताना, कुलपांच्या एकाही खोक्यावर कधी खोटी सही न केलेल्या त्या माणसाने 'नाही' दाबलं.

"अगं, बॅग भर परत!" तो दाराआडून ओरडला. "मी 'नाही' पाठवलं!"

हँगरचा आवाज थांबला.

"काय पाठवलंत?"

"नाही. म्हणजे, मला काही झालेलं नाही असं."

"अहो, मी दुपारीच त्यांना खरं काय ते कळवलं होतं! तिन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले. पुढच्या महिन्याची तारीख दिली त्यांनी, खिडकीची खोली दिली! तेव्हा गारठा असेल म्हणून पातळ कपडे काढून स्वेटर भरत होते मी!"

"मग मला सांगायचं नाही का?"

"पाच वाजता चहा देताना सांगणार होते. तुम्ही खोटं बोलाल, हे मला स्वप्नात तरी वाटलं असतं का?"

त्याच्या हातातला फोन किणकिणला. 'आपण निरोगी असल्याचे वाचून आनंद झाला. तारीखबदल रद्द केला आहे. उद्या भेटू.'

त्याने घाईघाईने कंपनीला फोन लावला आणि बायकोलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे एक मुलगी होती.

"काका, नक्की काय? हो की नाही?"

"हो. ते 'नाही' मी खोटं लिहिलं."

"तारीख बदलून हवी असली की बरेच जण आजारी पडतात, काका."

"अहो, मी खरंच आजारी आहे!"

"मग 'नाही' कशाला लिहिलंत?"

"बायकोसाठी."

"पण काकूंनीच तर 'हो' कळवलंय."

तो पुरावा म्हणून खोकला. मुलगी म्हणाली, "खोकला मात्र छान जमलाय हं तुम्हाला." त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

शेवटी बायको दाराला तोंड लावून म्हणाली, "अगं बाळ, तेहतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. हा माणूस आज पहिल्यांदा खोटं बोललाय. सवय नाही म्हणून एवढा घोळ झाला."

मुलगी हसली. "बरं काकू, तुमच्यावर विश्वास ठेवते. पण मधल्या वेळात ती खोली दुसऱ्यांना गेली. पुढच्या महिन्यात आता एकच जागा उरलीय. एका माणसाची."

मग त्याच्या पुढची तारीख बघा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"घेतली," बायको म्हणाली.

फोन बंद करून तो दाराशी आला.

"अगं, आणि मी?"

"तुम्ही पुढच्या खेपेला जा."

"एकटी जाशील?"

"जाईन की. मी तीनदा थांबले, तुम्ही एकदा थांबून बघा."

हे वाक्य त्याने मनात उलटसुलट करून पाहिलं. कुठेच दोष निघाला नाही. दाराबाहेर ती काहीतरी गुणगुणत होती. त्याने कान लावून ऐकलं. आवाज चांगला होता. ती गुणगुणते, हे त्याला तेहतीस वर्षांत ठाऊकच नव्हतं.