घसारा आणि रूम नंबर सात

बी.कॉम. मी दुसऱ्याच वर्षी सोडलं, तरी डोक्यात जेवढं उरलं होतं तेवढं बाबूजींना एकदा ऐकवायचं ठरवलं. (बापाला काही सांगू नये. कधीकधी तो ऐकतो.)

"लॉजची इमारत झिजते, त्या घसाऱ्यावर टॅक्समध्ये सूट मिळते. वरच्या माळ्यावर नाई. ते आपलं घर आहे."

"कोन म्हनते घर हाय?" बाबूजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेंटर हजर. सेलूतल्या आमच्या लॉजला खाली चार खोल्या. वर देवघर झालं पाच, स्वयंपाकघर सहा, माझी खोली सात.

"नाचनगावचे पाहुणे उद्या हर्षाले पाहाले येऊन राह्यले," आई कडाडली, "अन् तुमी देवाले नंबर देऊन राह्यले?"

साठीनंतर अक्कल येते, ही म्हाताऱ्यांनीच उठवलेली अफवा आहे. माझी बहीण हर्षा रडकुंडीला आली. फोटोतला मुलगा तिला मनापासून आवडला होता.

पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा उचलल्या, तोच सात नंबरातून टॉवेल गुंडाळलेला बियाण्यांचा एजंट बाहेर आला. "भाऊ, गरम पानी?" खालच्या खोल्या फुल्ल, म्हणून बाबूजींनी सकाळीच त्याला माझी खोली दिली होती. मला न विचारता, अर्थात.

मुलाचे वडील ताराचंदजी यांनी बशी खाली ठेवली. "हे कोन?"

"गिऱ्हाईक!" बाबूजींनी छाती काढली. "हे घर नाई जी, पूर्न हॉटेल हाय."

"म्हंजे पोरगी हॉटेलात राह्यते?"

मग मात्र मी सुटलो. "टॅक्स वाचवाले आमच्या म्हाताऱ्यानं देवघरालेही नंबर टाकला जी! पोरीचं जमो की मोडो, त्याले काई नाई!"

ताराचंदजी पुढे सरकले.

"आमचं मंगल कार्यालय हाय. वर आमी राह्यतो. त्या पेंटरचा फोन नंबर देता का?"

पोहे संपायच्या आत लग्न जमलं. (एकाच वाणाचे म्हातारे!)

संध्याकाळी बाबूजींनी टॅक्सच्या वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, नुसते नंबर टाकून काही होत नाही. गिऱ्हाईक राहील तेवढंच हॉटेल. म्हणजे वरच्या माळ्यावर खरं हॉटेल एकच, माझी खोली! एजंटाला तिथेच महिनाभर ठेवायचं ठरलं, मला काउंटरमागचा बाक मिळाला.

बाबूजींनी फोन ठेवला नव्हता. माझ्याकडे बघत म्हणाले, "वकीलसाहेब, पोट्ट्यावर घसारा मिळते का?"

स्पीकर चालू होता. "मोतीलालजी, वस्तू धंद्यात कामी येत असली पाहिजे."

बाबूजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मंग राहू द्या."